हिरवीचे स्क्रू

शब्द द्यायला काही लागत नाही, म्हणून तर माणसं तो इतक्या सढळ हाताने देतात. चष्मेवाल्यांनीही असाच दिला होता. लेक तेव्हा शाळेत होती. गिटार तिच्या मांडीत मावत नव्हती, तरी त्या दिवशी तिने एक अख्खी धून कुठेही न अडखळता वाजवली आणि बापाचा ऊर असा भरून आला की तोंडाला लगाम राहिला नाही. "तुला पहिली नोकरी लागेल ना," ते म्हणाले, "त्या दिवशी या भिंतीवरची हवी ती गिटार उचलायची. तुझी ती. कोणी विचारणार नाही." लेकीने मान डोलावली. मुलं अभ्यास विसरतात, आईने काय आणायला सांगितलं ते विसरतात, पण असलं काही विसरत नाहीत.

आता ती नोकरी लागली होती. दुसऱ्या शहरात, रंगाच्या कारखान्यात, छटा जुळवायचं काम. रविवारी ती गिटार निवडणार होती आणि सोमवारी सकाळच्या गाडीत बसणार होती. चष्मेवाल्यांना घोर लागला होता. लेक चालली म्हणून लागला असता तर चार लोकांत सांगता तरी आला असता. पण तो लागला होता हिरवीसाठी. भिंतीवरच्या चार गिटारींतली हिरवी लेकीने उचलली तर आपलं काय होणार, एवढी एकच चिंता त्यांना आठवडाभर खात होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

चष्मेवाले तसे सुखी माणूस. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण गोष्टीत गिटार आली की वाजवणारा हटकून दुःखी निघतो. यांचं तसं काही नव्हतं. खाली रस्त्याला चष्म्याचं दुकान, वर तीन खोल्यांचं घर. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवायच्या, संध्याकाळी शटर ओढायचं, हात धुवायचे, मागच्या खोलीत जायचं आणि आज कोण, असं म्हणत भिंतीकडे बघायचं. याहून जास्त त्यांना कधी काही हवंसं वाटलं नाही. जाहीर कार्यक्रम एकदाच केला होता, नात्यातल्या एका लग्नात, आणि त्यानंतर कानाला खडा लावला.

चारही गिटारी जपानी होत्या आणि चष्मेवाल्यांच्या लग्नाआधी बनलेल्या. तरुणपणी त्यांना साता समुद्रापलीकडची नामांकित गिटार हवी होती. ती मिळणं म्हणजे आकाशाला गवसणी. मिळाली ती जुन्या रेडिओंच्या दुकानात कोपऱ्यात धूळ खात पडलेली जपानी. "नक्कल आहे हो," दुकानदार म्हणाला होता, "नंतर नावं ठेवायला येऊ नका." चष्मेवाल्यांनी घरी आणून पुसली, तारा बदलल्या, वाजवली, आणि नाव ठेवायला जागाच सापडेना. सांधा म्हणाल तर नख शिरणार नाही असा. लाकूड म्हणाल तर कुणी कपाटं करता करता प्रेमात पडून केल्यासारखं. तेव्हापासून माणूस जपानी गिटारींच्या नादाला लागला तो लागलाच.

नावं मात्र बायकोने ठेवली. ती शाळेत भूगोल शिकवायची, अख्खी गल्ली तिला बाई म्हणे, आणि हळूहळू घरातही ती बाईच झाली. एका गिटारीवर इतके खटके आणि बटणं होती की बाई म्हणाल्या, "कितव्या मजल्यावर जायचंय?" ती झाली लिफ्ट. दुसरी पोकळ अंगाची, रुंद, बसली की जागा अडवणारी, ती मावशी. तिसरी एका नामांकित गिटारीची इतकी हुबेहूब नक्कल होती की असल्या नकलांवरून म्हणे परदेशात वकिलांपर्यंत गोष्ट गेली. तिचं नाव वकिलीण. चौथीला बाईंनी नुसतं हिरवी म्हटलं. खरं तर ती निळी होती. वरचं लाखेचं पाणी वर्षानुवर्षं पिवळं पडत गेलं आणि निळ्यावर पिवळं चढून ती हिरवी झाली. पुढची पट्टी काढली की खाली अजून निळा तुकडा दिसायचा. इतर तिघींवर चष्मेवाल्यांचं प्रेम होतं. हिरवीवर जीव होता.

शुक्रवारी दुपारी दुकान जेवणासाठी बंद असताना ते मागच्या खोलीत शिरले. बाई शाळेत, लेक कपडे घ्यायला बाजारात. आधी त्यांनी बाकीच्या तिघींना नटवलं. नव्या तारा चढवल्या, चष्म्याच्या काचा पुसायच्या मऊ कापडाने अंग पुसलं, लिफ्टच्या खटक्यांत तेलाचे थेंब सोडले. हिरवीच्या तारा तशाच ठेवल्या. पण तेवढ्याने मन स्वस्थ होईना. लेकीचा कान चांगला तयार होता. ती वाजवून बघणार आणि हिरवीवर बोट ठेवणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

मग त्यांच्या मनात ते आलं. गिटारीच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबकाची एक लहानशी पेटी. तार थरथरली की ही पेटी ती थरथर पकडते आणि वायरीतून आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पकडे धाडते. पेटी तारांच्या जवळ तितका आवाज मोठा. चष्मेवाल्यांनी हिरवीचे पिकअप पहिल्या दिवसापासून स्क्रू पिळून तारांना टेकतील इतके वर आणून ठेवले होते. मोठा तो चांगला, एवढं त्यांचं सरळ गणित. आता तेच उलटं करायचं. पेट्या खाली बसवायच्या, की आवाज पडलाच. हिरवी बिचारी मरगळलेली वाटेल, लेक नाक मुरडेल आणि वकिलिणीला घेऊन जाईल. गिटारीला धक्का नाही, ओरखडा नाही. मान, म्हणजे तारांखालची लांब दांडी, वाकडी करणं हे पाप झालं असतं. स्क्रू खाली करणं ही नुसती लबाडी.

जपानी स्क्रूच्या डोक्यावरची फुली साध्या पेचकसाला नीट बसत नाही, जोर लावला की डोकं झिजतं. त्यासाठी चष्मेवाल्यांनी वेगळा पेचकस जपून ठेवला होता. काम लबाडीचं, पण हत्यार त्यांनी बरोबर वापरलं. एकेक स्क्रू फिरवत दोन्ही पेट्या पार खाली नेल्या. मग अ‍ॅम्प न लावताच हिरवी परत टांगून ठेवली. तिचा पडलेला आवाज ऐकायची हिंमत त्यांच्यात नव्हती.

शनिवारी दिवसभर ते लेकीशी जरा जास्तच गोड बोलले. खाई त्याला खवखवे. बाईंनी दोनदा विचारलं, "अहो, तब्येत बरी आहे ना?"

रविवारी चहा झाला आणि तिघंही मागच्या खोलीत जमली. बाई उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन पलंगावर बसल्या. लेक अ‍ॅम्पसमोर स्टुलावर. चष्मेवाले समोरच्या भिंतीला टेकून खाली बसले, खरं तर आयुष्यात पहिल्यांदाच, कारण एरवी स्टूल त्यांचं असायचं.

"वकिलिणीपासून सुरू कर," ते म्हणाले. "मान बघ तिची, कशी आहे! आणि वजनालाही बेताची. प्रवासात बरी."

"तुम्ही गिटार दाखवताय की स्थळ?" बाई मान वर न करता म्हणाल्या.

लेकीने वकिलीण वाजवली. छान वाजली. चष्मेवाल्यांनी "वा, वा" केलं, जरा लवकरच. मग मावशी. तिचा आवाज गोल, भरदार, खोलीभर पसरला. "हिच्यासारखी हीच," चष्मेवाले म्हणाले. "शिवाय एकटं राहायचं तर सोबतीला कुणीतरी मोठं हवं." लिफ्टचे निम्मे खटके मेलेले होते आणि एक दाबला की तळणीत पाणी पडल्यासारखा चरचर आवाज येई. तरी तिचीही त्यांनी तोंड भरून स्तुती केली.

"बाबा, आज तू दुकानात गिऱ्हाईकाशी बोलतोस तसा बोलतोयस," लेक म्हणाली आणि उठून तिने हिरवी काढली.

"तिचं राहू दे ग," चष्मेवाले म्हणाले. "म्हातारी झाली. वरच्या सुरांत डळमळते, तुला माहीत आहे."

हे मात्र खरं होतं. मानेच्या वरच्या टोकाला गेलं की हिरवीचा सूर थरथरायचा, एकाच तारेतून दोघं भांडत असल्यासारखा. चष्मेवाल्यांनी तिचं वय झालं म्हणून तिला कधीच माफ करून टाकलं होतं. आपल्या माणसाची खोड असावी तशी ती खोड त्यांना आवडूही लागली होती.

लेकीने तारा जुळवल्या, एक सूर छेडला. आवाज बारीक आला. चष्मेवाल्यांनी हळूच श्वास सोडला. डाव साधला होता.

लेक उठली, अ‍ॅम्पजवळ गेली आणि तिने आवाजाची कळ थोडी पुढे फिरवली. एवढंच. चष्मेवाल्यांना हे आजवर कधी करावं लागलं नव्हतं, म्हणून ते त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

मग ती वाजवायला लागली.

कुठली ओळखीची चाल नव्हती, तिचं तिलाच सुचेल तसं चाललं होतं, सावकाश. पहिला सूर लागला आणि तो राहिला. राहिला म्हणजे नुसता रेंगाळला नाही. सरळ, स्वच्छ, कुठे न हलता उभा राहिला आणि आपल्या मर्जीने गेला. त्यामागे दुसरा. ती वर सरकत गेली, मानेच्या त्या टोकाला, जिथे हिरवी हमखास डळमळायची. चष्मेवाले सवयीने डोळे मिटून त्या डळमळीची वाट बघत राहिले. ती आलीच नाही. पेट्या खाली गेल्या तशा त्यांतल्या चुंबकांच्या ओढीतून तारा सुटल्या होत्या. इतकी वर्षं त्यांनी ज्याला म्हातारपण म्हटलं, ते त्यांनी स्वतःच्या हाताने पिळलेले स्क्रू होते.

बाईंचा लाल पेन थांबला. "ही कुठली?" त्यांनी विचारलं.

"हिरवी," लेक म्हणाली.

"आपली हिरवी?"

करायला गेलो काय आणि झालं काय, असं चष्मेवाल्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण लाज वाटायची सोडून त्यांना आनंद होत होता, आणि तो आवरत नव्हता. ही इतकी सुंदर आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. वाजवणारा माणूस पुढच्या सुराच्या काळजीत असतो, त्याला आपल्याच गिटारीचं फार थोडं ऐकू येतं. आज समोर बसून, हात रिकामे ठेवून, ते हिला पहिल्यांदा ऐकत होते. आणि वाजवणारी त्यांची लेक होती. ही हे कुठून शिकली? आपण तर तिला चार तारा दाबायला शिकवल्या. त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला.

लेक थांबली. तिने गिटार तिरपी करून बघितली. "अरे, पिकअप किती खाली गेलेत बाबा! म्हणून आवाज बारीक वाटत होता. थांब, वर करून देते."

तिने खण उघडला आणि तो वेगळा पेचकस बाहेर काढला.

इथे चष्मेवाल्यांनी गप्प बसायचं होतं. बाकी काही करायचंच नव्हतं. लेकीने स्वतःच्या हाताने स्क्रू वर घेतले असते, हिरवी पुन्हा मोठ्याने ओरडली असती, वर डळमळली असती, आणि पोरगी दुसरी कुठलीतरी घेऊन गेली असती. हिरवी भिंतीवर राहिली असती आणि लबाडीही झाकली गेली असती. नशिबाने हातात आणून दिलेली गोष्ट. पेचकस स्क्रूच्या फुलीत टेकला.

"हात लावू नकोस!" चष्मेवाले एवढ्या मोठ्याने ओरडले की बाईंच्या मांडीवरचा गठ्ठा खाली सांडला.

"अरे, काय झालं?"

"तसेच ठेव. अजिबात हलवू नकोस. मी खाली केलेत ते."

"तू? का?"

आता माघार नव्हती. "मुद्दाम," ते म्हणाले. "आवाज पडावा म्हणून. तू घेऊ नयेस म्हणून."

बाई हसायला लागल्या. त्यांना हसू आवरेना. "अहो, स्वतःच्या मुलीला फसवायला निघालात, आणि फसवताना गिटार सुधारून ठेवलीत!"

लेकही हसत होती, पण तिने गिटार मांडीवर आडवी ठेवली होती आणि एक हात तिच्यावर होता. "बाबा, मी हिरवी घेणारच नव्हते."

"म्हणजे?"

"मला लिफ्ट हवी होती. आधीपासून. मी तिच्यावर शिकले ना. आणि तुझी हिरवी कशी मागेन मी? मला काय कळत नाही?"

खरं तर इथे चष्मेवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. आठवडाभराची झोप परत आली होती. पण माणसाच्या मनाचं घोडं कुठे पेंड खाईल सांगता येत नाही. त्यांना चक्क राग आला.

"लिफ्ट?" ते म्हणाले. "निम्मे खटके मेलेत तिचे. हिरवीत काय वाईट आहे?"

"काही नाही. ती तुझी आहे."

"शब्द दिला होता मी. हवी ती उचल म्हणालो होतो."

"मग उचलतेय की. लिफ्ट."

"आत्ता वाजवलंस ते कानांनी ऐकलंस की नाही? ते लिफ्टवर येईल?"

"अहो," बाई खाली सांडलेले कागद गोळा करत म्हणाल्या, "परवा जी लपवत होतात, ती आता तिच्या गळ्यात मारताय?"

"तुम्ही दोघी मला बोलू द्या," चष्मेवाले म्हणाले.

लेक उठली. तिने हिरवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि तारा छेडायची पिक त्यांच्या हातात दिली. "आता तू वाजव. स्क्रू खालीच आहेत. तुझ्याही हातून येईल तो आवाज. मग ठेव तुझ्याकडे."

त्यांनी वाजवली. चांगली वाजली, आजवर वाजली त्याहून कितीतरी चांगली. पण त्यांचा हात पडला जड. इतकी वर्षं तारांवर असा बडवत आलेला हात, त्याला हलकं व्हायचं माहीतच नव्हतं. पाच-दहा सुरांतच त्यांच्या लक्षात आलं की आपली नजर आपोआप अ‍ॅम्पच्या कळीकडे वळतेय आणि मनात येतंय की आवाज जरा कमीच आहे, स्क्रू थोडे वर घ्यावेत. थोडेसेच. उद्या अजून थोडे.

त्यांनी तारांवर पंजा ठेवून आवाज बंद केला.

"माझ्याकडे राहिली तर महिन्याभरात मी हे परत वर करीन," ते म्हणाले. "मला मी माहीत आहे ना. मोठा आवाज लागतो मला. आणि मग हे जे आज ऐकलं ते परत कधी ऐकायला मिळणार नाही. तू ने हिला. तू नेलीस तरच राहील ती अशी."

लेकीने नाक ओढलं आणि गिटार घेतली, दोन्ही हातांनी.

"पण बाबा, मग तुला कशी ऐकू येणार ती?"

"फोनवर ऐकव कधीतरी."

"फोनवर काय कळतंय!"

"तेही खरंच."

"मग ये ना तिथे," लेक म्हणाली. "ऐकायला ये."

बाईंनी चष्म्यावरून नवऱ्याकडे बघितलं. "हे? यांनी दुकान सोडून कधी दुसऱ्याच्या घरी मुक्काम केलाय? माझ्या सख्ख्या भावाकडे गेलो तर दुपारचे जेवलो आणि यांनी चपला शोधायला घेतल्या."

"त्याच्याकडे गिटार नव्हती," चष्मेवाले म्हणाले.

ते उठले, कपाटावरची गिटारीची जुनी पेटी खाली काढली, आतली धूळ फुंकली आणि लेकीच्या हातातून हिरवी घेऊन आत ठेवली. तारांवर तेच मऊ कापड पसरलं. झाकण लावायच्या आधी जरा थांबले, मग लावलं. कड्या दाबून बघितल्या, दोन्ही घट्ट होत्या.

"तुझ्या त्या खोलीत," पेटीचा पट्टा आवळत, लेकीकडे न बघता त्यांनी विचारलं, "खाली एक गादी टाकायला जागा आहे ना?"